खरी दालचिनी

कोकणातील कित्येक आगरांत नारळी-पोफळीच्या सावलीस दालचिनीची एकदोन झाडे उभी असलेली आढळतात. कोणी त्यास दालचिनी म्हणतात, कोणी तिखी म्हणतात. घरच्या माणसांचा या झाडाशी संबंध बहुधा पानांपुरताच असतो. भातात अथवा आमटीत घालावयास दोन पाने तोडली, की झाले. क्वचित एखादा बागायतदार उत्साहाने साल काढतो, वाळवितो आणि वाण्याकडे घेऊन जातो. ती पातळ, फिक्या रंगाची, बोटांत चुरडणारी साल पाहून वाणी मान हलवितो. कारण त्याच्या बरणीतील दालचिनी जाड, कठीण व काळसर तांबडी असते. बागायतदार आपलेच झाड निकृष्ट समजून घरी परततो.

वस्तुस्थिती बहुधा याच्या नेमकी उलट असते. बागायतदाराच्या हातातील साल खऱ्या दालचिनीची असून वाण्याच्या बरणीतील साल दुसऱ्याच झाडाची असते. हा भेद जाणणाऱ्यास त्याचा लाभ होतो आणि न जाणणाऱ्यास तोटा होतो. म्हणून या झाडाचे मूळ, त्याचे गुण व साल काढण्याची शास्त्रशुद्ध रीत यांची माहिती गावोगावच्या कार्यकर्त्यांस व बागायतदारांस असणे जरूर आहे.

नाव एक, झाडे अनेक

'दालचिनी' हा शब्द फारसी 'दारचीनी' यावरून आला आहे. 'दार' म्हणजे लाकूड अथवा झाड. तेव्हा दारचीनी म्हणजे चीन देशाचे लाकूड. हे नाव मुळात चीनमधून येणाऱ्या सालीचे होते, खऱ्या दालचिनीचे नव्हे. पुढे एकच नाव दोन्ही सालींस चिकटले आणि घोटाळ्याचा आरंभ झाला. संस्कृतात या सालीस 'त्वक्' म्हणतात. त्वक्, एला, पत्र व नागकेशर मिळून वैद्यांचे चातुर्जात होते. सर्दी-खोकल्यावर घरोघरी दिल्या जाणाऱ्या सितोपलादि चूर्णातही पाच द्रव्यांपैकी एक त्वक् हेच असते.

वनस्पतिशास्त्रात खऱ्या दालचिनीस सिनॅमोमम व्हेरम म्हणतात. लॅटिन भाषेत 'व्हेरम' म्हणजे खरे. जुन्या पुस्तकांतून हेच झाड सिनॅमोमम झेलॅनिकम, म्हणजे सिलोनचे, या नावाने आढळेल. श्रीलंका हे त्याचे माहेर होय. चीनमधील कॅसिया, इंडोनेशियातील बर्मानी आणि व्हिएटनाममधील लुरेरी ही याच कुळातील भावंडे आहेत. त्यांची साल सुगंधी असते, परंतु ती खरी दालचिनी नव्हे. हिमालयाच्या पायथ्याशी वाढणारे तमालपत्राचे झाडही याच गोत्रातले. भारतात बाहेरून येणाऱ्या मालात व्हिएटनाम, चीन व इंडोनेशिया येथील कॅसियाचाच भरणा मोठा असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या विनियमांत दालचिनी आणि कॅसिया, म्हणजे तज, या दोन निरनिराळ्या वस्तू मानल्या असून त्यांच्या व्याख्याही वेगवेगळ्या दिल्या आहेत. तज तज म्हणून विकल्यास त्यात गैर काही नाही. ती दालचिनी म्हणून विकली जाते, तेथे गिऱ्हाईक फसते आणि खरा माल पिकविणारा मागे पडतो.

श्रीलंकेची कहाणी

प्राचीन काळी पश्चिमेकडील लोकांस दालचिनी कोठून येते याचा थांगपत्ता नव्हता. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहून ठेवले आहे, की अरबस्तानात मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी दुर्गम कड्यांवर बांधतात; लोक खाली मांसाचे मोठाले तुकडे ठेवतात, पक्षी ते घरट्यात नेतात आणि त्या भाराने घरटी कोसळून दालचिनी खाली पडते. पुढे रोमन लेखक प्लिनी याने अशा गोष्टी किंमत चढविण्यासाठी रचलेल्या आहेत, असे रोखठोक म्हटले. मालाचे मूळ लपविण्यात व्यापाऱ्याचा फायदा असतो, हे दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांस कळत होते.

पोर्तुगीज १५०५ साली सिलोनला पोहोचले आणि दालचिनीचा व्यापार हळूहळू त्यांच्या मुठीत गेला. डचांनी १६४० मध्ये गाले व १६५६ मध्ये कोलंबो घेतले आणि १६५८ पर्यंत पोर्तुगीजांस बेटावरून पार हुसकावले. तोवर दालचिनी ही रानातील वस्तू होती. साल काढण्याचे काम सालागम नावाच्या जातीकडे असे. हे लोक मूळचे दक्षिण भारतातून आलेले विणकर असल्याचे सांगतात. त्यांच्यावर ठराविक वजनाची साल आणून देण्याची वेठ होती. परवानगीवाचून दालचिनी तोडणाऱ्यास वा विकणाऱ्यास डच अमलात मृत्युदंडापर्यंत शिक्षा होई. आज वाण्याच्या दुकानातून सहज आणण्याजोग्या या वस्तूपायी किती लोकांचे हाल झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

रानातील दालचिनीचा बराच भाग कँडीच्या राजाच्या मुलखात होता. त्या राजाशी युद्ध जुंपले, की साल मिळणे बंद होई. या अडचणीतूनच लागवडीची कल्पना पुढे आली. १७६५ ते १७८५ या काळात गव्हर्नर असलेल्या फाल्क याने कोलंबोजवळ मरदाना येथे दालचिनीचा मळा उभा केला. लागवडीची साल रानच्या सालीसारखी उतरणार नाही, हा जुना समज त्यामुळे खोटा ठरला. कोलंबो शहराच्या एका भागास आजही 'सिनॅमन गार्डन्स' असे नाव आहे. १७९६ साली हा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि दालचिनीचा सरकारी मक्ता १८३३ साली उठला. तोपर्यंत स्वस्त कॅसियाने बाजार काबीज करण्यास सुरुवात केली होती.

दरम्यान हे झाड बेटाबाहेरही पडले होते. फ्रेंचांनी ते १७७२ च्या सुमारास सेशेल्स बेटांवर नेले. तेथे पाखरांनी फळे खाऊन बी सर्वत्र पसरविले आणि ते मोकाट वाढले. आज तेथील मूळच्या वनस्पतींस दालचिनीचाच उपद्रव होतो. भारतात केरळमधील कण्णूरजवळ अंजरकंडी येथे ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मसाल्यांचा मळा घातला. दालचिनीच्या लागवडीसाठी तो पुढे प्रसिद्धीस आला.

जगातील खऱ्या दालचिनीचा फार मोठा भाग आजही श्रीलंकाच पुरविते. गाले, मातरा, कालुतारा व रत्नपुरा या जिल्ह्यांत तिची मुख्य लागवड आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोपीय संघाने 'सिलोन सिनॅमन' या नावास भौगोलिक संकेताचे संरक्षण दिले. चारशे वर्षे ज्या नावावर परक्यांनी पैसा केला, त्या नावावर आता तेथील शेतकऱ्यांचा कायदेशीर हक्क पोहोचला.

पारख

खरी दालचिनी ओळखण्यास यंत्राची गरज नाही. डोळे, बोटे व जीभ पुरेत. तिची सुरळी आडवी मोडून पाहावी. आत कागदासारख्या पातळ सालींचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले दिसतात. रंग फिका, पिवळसर तपकिरी असतो. बोटांनी दाबताच ती चुरते. वास मंद व गोडसर येतो आणि जिभेवर प्रथम गोडी व मागाहून हलका तिखटपणा जाणवतो. तज जाड व एकपदरी असते, लाकडासारखी कठीण असते व तिचा रंग गडद तांबूस असतो. ती मोडण्यास जोर लागतो आणि चव एकदम झणझणीत लागते. इंडोनेशियातील माल दोन्ही कडांनी आत वळलेला असल्यामुळे वरवर पाहणाऱ्यास फसवितो. तेथे कडांपेक्षा पदर मोजावेत.

पुडीच्या बाबतीत ही पारख चालत नाही. दोन सोप्या चाचण्या मात्र करून पाहता येतात. थोडी पूड कढत पाण्यात कालवून ठेवावी. तज असल्यास काही वेळाने ती बुळबुळीत व चिकट होते. दुसरी चाचणी अशी, की पूड पाण्यात उकळून गाळावी आणि गार झाल्यावर तीत टिंक्चर आयोडीनचे एकदोन थेंब टाकावेत. तजेत पिष्ट जास्त असल्याने काढा गडद निळा होतो. खऱ्या दालचिनीच्या काढ्यावर विशेष परिणाम दिसत नाही. शाळेत अथवा शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हा प्रयोग करून दाखविण्यासारखा आहे.

सह्याद्रीतील रानदालचिनीच्या जातींची साल व पानेही बाजारात मिसळली जातात. ही साल उभ्या झाडाची चोहोबाजूंनी सोलून काढण्याची रानटी रीत कित्येक ठिकाणी आहे. असे झाड वाळून जाते. लागवडीच्या दालचिनीचे खोड जमिनीलगत छाटले तरी खुंटास पुन्हा धुमारे फुटतात व तेच झाड पुढे अनेक वर्षे उत्पन्न देते. हा फरक रानात जाणाऱ्या मंडळींस समजावून सांगणे अगत्याचे आहे.

गुण, आणि एक सावधगिरी

दालचिनीच्या सालीत उडनशील तेल असते. त्यातील मुख्य घटक सिनॅमाल्डिहाइड हा असून सालीचा वास त्याचाच. पानांच्या तेलात मात्र युजेनॉल हा घटक प्रमुख असतो, आणि लवंगेस वास देणारे द्रव्यही तेच. म्हणून दालचिनीचे पान चुरगळल्यास लवंगेचा वास येतो. मुळांच्या सालीच्या तेलात कापूर सापडतो. एकाच झाडाच्या तीन भागांत तीन निरनिराळे वास असावेत, हे एक नवलच म्हणावयाचे.

साल मसाल्यात, मिठाईत, सरबतात व औषधांत वापरतात. पानांचे तेल साबण, अत्तरे व दंतमंजने यांत खपते. त्यातील युजेनॉल दातांच्या औषधात उपयोगी पडते. आयुर्वेदाने ती उष्ण, दीपन व पाचन मानली आहे.

अलीकडे मधुमेहावर उपाय म्हणून दालचिनीची पूड रोज चमचाभर खाण्याची प्रथा फोफावली आहे. येथे खरी दालचिनी व तज यांतील भेद केवळ चवीचा राहत नाही. तजेत कुमारिन नावाचे द्रव्य लक्षणीय प्रमाणात असते. खऱ्या दालचिनीत ते नाममात्र असते. काही व्यक्तींच्या यकृतास या द्रव्याची बाधा होते. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने रोजच्या सेवनाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास दररोज ६ मिलिग्रॅम. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २००६ साली या विषयाचा विचार करताना किलोभर तजेत सरासरी ३ ग्रॅम कुमारिन धरले. त्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाची मर्यादा अवघ्या २ ग्रॅम पुडीत पुरी होते, आणि १५ किलोच्या मुलाची अर्ध्या ग्रॅमात. चहाच्या सपाट चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक पूड मावते. आमटीत पडणाऱ्या तुकड्याने कोणास अपाय होत नाही. पण महिनोन्‌महिने रोज चमचाभर अज्ञात पूड खाणे ही निराळी गोष्ट आहे. मधुमेही रुग्णाने वैद्यांचे औषध सोडून दालचिनीवर भिस्त ठेवणे तर धोक्याचेच. ज्यांस यकृताचा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ही पूड मुळीच घेऊ नये.

पूड विकत घेण्यात दुसराही धोका आहे. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत लहान मुलांसाठी केलेल्या सफरचंदाच्या गरातून शिशाची विषबाधा झाल्याचे उघडकीस आले. शोध घेता त्यातील दालचिनीच्या पुडीत शिसे सापडले. साल श्रीलंकेहून शुद्ध आलेली होती. भेसळ पुढे दळताना शिरली, असे तपासात दिसून आले. साल अख्खी घ्यावी आणि लागेल तशी घरी कुटावी, हेच बरे.

झाडाची ओळख व रोपे

दालचिनीचे झाड सदाहरित असून मोकळे वाढू दिल्यास १० ते १५ मीटर उंच होते. पाने जाड व चकचकीत असून त्यांवर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा असतात. कोवळी पालवी तांबूस असते व मागाहून हिरवी होते. फुले बारीक, फिकट पिवळी येतात. फळे लहान जांभळासारखी असून पिकल्यावर काळसर जांभळी होतात.

बियांपासून रोपे करणे सोपे आहे. परंतु त्यात एक नेहमी होणारी चूक टाळली पाहिजे. दालचिनीच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर नष्ट होते. वेचलेले बी पुडीत बांधून महिनाभर फळीवर ठेवले व मग पेरले, तर ते उगवत नाही आणि दोष वाफ्यास दिला जातो. पिकलेली फळे गोळा करावीत, गर धुऊन टाकावा, बी सावलीत कोरडे करून लगेच पेरावे. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. रोपांवर सावली धरावी. वर्षाचे रोप पावसाळ्याच्या प्रारंभी लावण्यास योग्य होते.

या झाडात परपरागीकरण होत असल्यामुळे बियांची रोपे आईसारखी निपजतीलच असे नाही. एकाच झाडाच्या बियांतून एखादे उत्तम सुगंधाचे, तर एखादे तुरट, जाड सालीचे झाड निघते. म्हणून चांगल्या झाडाची गुटी कलमे बांधून लागवड करणे श्रेयस्कर. पावसाळ्यात बांधलेल्या गुटीस साधारण दीड-दोन महिन्यांत मुळे फुटतात. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात १९९२ साली प्रसारित केली असून कोकणच्या हवामानासाठी तिची शिफारस आहे. केरळात कोळिकोड येथील मसाला पीक संशोधन संस्थेच्या 'नवश्री' व 'नित्यश्री' या जातीही प्रसिद्ध आहेत.

आगरात जागा

दालचिनीस उष्ण व दमट हवा, भरपूर पाऊस आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. कोकणातील तांबडी जमीन तीस चालते. पाणी तुंबणारी भातखाचरे मात्र वर्ज्य समजावीत. विरळ सावलीत ती चांगली वाढते. त्यामुळे नारळाच्या बागेत तीस वेगळी जमीन शोधावी लागत नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून जी रचना पुढे मांडली, तीत साडेसात मीटर अंतरावरील नारळांमध्ये जायफळ, दालचिनी, मिरी इत्यादी मसाल्याची पिके एकत्र घेतली जातात. एकाच शिंपण्यात व एकाच खतात अनेक पिके निघतात, आणि नारळाचा भाव पडला तरी वर्ष अगदीच कोरडे जात नाही.

स्वतंत्र लागवड करावयाची तर अर्ध्या मीटरचे खड्डे उन्हाळ्यात काढून ते चांगली माती व शेणखत यांनी भरावेत आणि पावसाळ्याच्या आरंभी रोपे लावावीत. श्रीलंकेत रोपे फार दाट लावतात. दाटीमुळे फुटवे सरळ चढतात व सरळ फुटव्याची साल सोलणे सोपे जाते. पहिल्या वर्षी प्रत्येक रोपास ५ किलो शेणखत आणि २० ग्रॅम नत्र, १८ ग्रॅम स्फुरद व २५ ग्रॅम पालाश द्यावे. दरवर्षी मात्रा वाढवीत दहाव्या वर्षी २० किलो शेणखत, २०० ग्रॅम नत्र, १८० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाशपर्यंत न्यावी. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी तुटू देऊ नये. कोकणात रोपे मरतात ती बहुधा एप्रिल-मे महिन्यांत.

रोग-किडींचा त्रास फारसा होत नाही. कोवळी पालवी खाणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या आणि पान पोखरणारी अळी रोपवाटिकेत नुकसान करतात. पानांवर करड्या ठिपक्यांचा रोग दिसतो. अळ्या वेचून माराव्यात व रोगट पाने जाळून टाकावीत.

छाटणी व सोलणी

दालचिनीच्या पिकाचे सर्व मर्म येथे आहे. कोकणातील आगरांत बहुतेक झाडे नुसती वाढू दिलेली असतात. अशा झाडाच्या बुंध्याची जाड व खरबरीत साल काढून कोणी विकावयास नेली, तर ती खऱ्या झाडाची असूनही हलक्या प्रतीचीच ठरणार. बाजारास हवी असते ती कोवळ्या, सरळ फुटव्यांची आंतरसाल.

लागवडीनंतर दोन-तीन वर्षांनी मुख्य खोड जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटरवर छाटावे व खुंटास मातीची भर द्यावी. खुंटावर पुष्कळ धुमारे येतात. त्यांतील सरळ व जोमदार असे चार-सहा राखून बाकीचे काढावेत. राखलेल्या फुटव्यांच्या बगलेतील फांद्या वेळोवेळी छाटल्या, तर ते काठीसारखे सरळ वाढतात. दीड-दोन वर्षांत ते बोटाहून जाड होतात व त्यांची साल सर्वत्र तपकिरी दिसू लागते. मग ते तोडणीस आले असे समजावे. सगळे फुटवे एकदम न तोडता तयार झालेले तोडावेत व लहान ठेवावेत. म्हणजे खुंटावर नेहमी पिढीमागून पिढी तयार होत राहते.

तोडणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत करावी. परंतु पंचांगापेक्षा चाकूवर विश्वास ठेवावा. फुटव्यावर एक चीर पाडून पाहावी. साल लाकडापासून सहज सुटली तर तोडणी करावी. चिकटून राहिली तर थांबावे. झाडावर तांबडी पालवी फुटलेली असताना साल नीट सुटत नाही; पालवी हिरवी व जून झाली म्हणजे सुटू लागते. तोडणी सकाळी करावी आणि त्याच दिवशी सोलणी उरकावी. वाळलेल्या काठीची साल सुटत नाही.

श्रीलंकेतील कारागिरांची रीत अशी आहे. फुटव्याची पाने, शेंडा व डहाळ्या काढून टाकतात. वाकड्या चाकूने वरची खरबरीत साल खरवडतात. नंतर पितळेच्या कांबीने काठी जोराने घासतात. या घासण्याने आतली साल लाकडापासून ढिली होते आणि ती अखंड निघते. हे काम वगळले तर साल फाटते. मग ठराविक अंतरावर काठीभोवती गोल छेद देऊन, समोरासमोर दोन उभ्या चिरा पाडून, चाकूच्या टोकाने सालीच्या दोन पन्हळी अलगद सोडवितात. या पन्हळी एकमेकींत बसवून लांब नळी करतात. पोकळीत सालीचे लहान तुकडे भरतात. एका नळीची लांबी ४२ इंच ठेवण्याची तेथे प्रथा आहे. नळ्या छपराखाली ताणलेल्या दोऱ्यांवर सावलीत सुकवितात व रोज हाताने वळीत राहतात. चार ते सात दिवसांत त्या कडक होतात. कडक उन्हात टाकल्यास साल वाकडी होते, रंग काळवंडतो व तेल उडते.

नळीचा व्यास जितका कमी तितकी प्रत वरची. सहा मिलिमीटरहून बारीक अशा नळीस 'आल्बा' म्हणतात व तिला सर्वांत अधिक भाव मिळतो. ही प्रत साधणे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. श्रीलंकेतही कुशल सोलणारे दुर्मिळ होत चालले असून पुष्कळ ठिकाणी ते उत्पन्नाचा निम्मा वाटा घेतात. कोकणात या पिकाची खरी अडचण हीच आहे. रोपे मिळतात, जमीन आहे, परंतु सोलणारा हात नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील चार-पाच तरुण स्त्री-पुरुषांस संशोधन केंद्रावर नेऊन ही कला शिकवून आणली, तर आसपासच्या सर्व आगरांचे काम तीच मंडळी फिरून करू शकतील. एका घरच्या दहा झाडांसाठी कोणी कारागीर होणार नाही; दहा घरांच्या शंभर झाडांसाठी होईल.

उत्पन्नाविषयी अवाजवी अपेक्षा धरू नयेत. निव्वळ दालचिनीच्या लागवडीत पहिल्या तोडीस हेक्टरी साधारण पन्नास-साठ किलो सुकी साल निघते; दहाव्या वर्षाच्या सुमारास ती दीडशे-दोनशे किलोपर्यंत जाते. आगरातील आंतरपिकाचा हिशेब झाडांच्या संख्येवरून करावा.

सोलणीनंतर उरलेले काहीच टाकाऊ नसते. डहाळ्यांची आंतरसाल व सोलताना पडलेले तुकडे वेगळे साठवावेत. ते मसाला दळणाऱ्यास विकता येतात. पाने दोन-चार दिवस सावलीत ठेवून त्यांचे तेल ऊर्ध्वपातनाने काढता येते अथवा ती सुकवून मसाल्यास देता येतात. सोललेल्या काठ्या मिरीच्या रोपांस आधारास नाहीतर चुलीत जातात.

सुकलेल्या नळ्यांच्या जुड्या बांधून त्या कोरड्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. हळद, मिरची अथवा खोबरे यांच्या शेजारी ठेवू नयेत. परका वास त्या चटकन घेतात. विकावयास नेताना जुडीतील एक नळी वाण्यासमोर मोडून तिचे पदर दाखवावेत आणि शेजारी त्याच्याच बरणीतील तुकडा ठेवावा.